दोन कापडांचा सदरा

भिकानानांच्या सदऱ्याची उजवी बाजू वायलची होती आणि डावी मांजरपाटाची.

हे ठिगळ नव्हे. गळ्यापासून खाली सरळ उभी शिवण मारून दोन निरनिराळी कापडं एकत्र नांदवलेली होती. पाठीवरही तशीच, मणक्याच्या रेषेत. उजवीकडून पाहिलं तर नानांची बरगडी न् बरगडी दिसावी आणि डावीकडून पाहिलं तर माणूस भिंतीआड उभा आहे असं वाटावं. हा सदरा घालून नाना भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी मेहरूणच्या तळ्यापर्यंत चालत जात आणि तसेच परत येत. जाताना ऊन एका अंगाला लागतं, येताना दुसऱ्याला; म्हणजे दोन्ही कापडांना सारखा न्याय. परत आले की गल्लीत जो पहिला भेटेल त्याच्याकडे पाठ करून उभे राहत.

"हात लावा. कोणती बाजू जास्त ओली?"

जळगावात मी नव्यानं बिऱ्हाड केलं त्या दिवशी हा पहिला भेटणारा मीच निघालो. सामानाची बैलगाडी दारात उभी, माझ्या कडेवर पितळी हंडा, आणि समोर एक अनोळखी घामेजलेली पाठ. मी गोंधळून हात लावला.

"डावी," म्हणालो.

"बघा!" असं म्हणून ती पाठ शेजारच्या घरात निघून गेली.

"शेजार कसा वाटतो?" बायकोनं आतून विचारलं.

"ओला," मी म्हणालो.

भिकानाना एका जिनात कारकून होते. कापूस गाडीतून उतरताना, सरकी वेगळी होताना, गाठी बांधल्या जाताना ते आयुष्यभर पाहत आले होते. पण त्या कापसाचं पुढं काय होतं, तो माणसाच्या अंगावर येऊन नीट वागतो की नाही, याची काळजी अख्ख्या जिनात त्यांना एकट्यालाच होती. बायको पूर्वीच गेलेली. इंदू नावाची एकुलती एक मुलगी, ती धुळ्याला दिलेली. घरात एकटा माणूस आणि दोरीवर वाळत घातलेले चार अर्धे-अर्धे सदरे.

मला दुसऱ्यांच्या घरात डोकावायची खोड आहे. तिला मी जिज्ञासा म्हणतो, आमच्या घरात तिला दुसरा शब्द आहे. आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीइतकी उंच कुडाची भिंत होती, आणि कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांच्या नकला केल्यावर संध्याकाळी त्या भिंतीवर कोपर टेकून उभं राहणं हीच माझी करमणूक होती. नाना अंगणात बसून कापडाचा तुकडा ताणून धरत, त्यावर बोटानं पाण्याचा थेंब सोडत आणि तो पसरताना इतक्या एकाग्रतेनं बघत की मीही श्वास रोखून धरी. थेंब चटकन पसरला की नानांचा चेहरा खुले. थेंब कापडावर मोत्यासारखा बसून राहिला की ते त्या तुकड्याला म्हणत, "बस तिथंच. आळशी."

त्यांचं शास्त्र त्यांनी मला याच भिंतीवरून शिकवलं.

"वैशाखात ऊन भाजतं, ज्येष्ठात उकडतं. दोन्हींत फरक आहे, भाऊ. भाजायला लागलं की अंग झाकावं. जाडंसं, ढगळ सुती घालावं, लू अंगाला भिडत नाही. पण ज्येष्ठात आभाळ भरतं, वारा पडतो, घाम निघतो आणि वाळत नाही. तेव्हा वीण विरळ हवी. कापडानं घाम प्यावा आणि अंगाला चिकटू नये. लोक बारा महिने एकच सदरा घालतात आणि शिव्या हवेला देतात!"

"मग हे अर्ध-अर्ध कशाला? आज एक घालावं, उद्या दुसरं."

"आजचं ऊन उद्या असतं का?" नाना म्हणाले.

त्यांचा शिंपी मात्र मेटाकुटीला आला होता. "नाना, लोक माले हसतीन ना!" तो म्हणायचा. "म्हणतीन, हा गिऱ्हाइकांचे उरलेले तुकडे जोडीसनी सदरे शिवतो!"

त्याच्याहून जास्त हाल किसनलालजींचे. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. त्यांचे वडील राजस्थानातून आले, पण किसनलालजी आमच्याइतकेच जळगावचे. नाना दुकानाची पायरी चढले की शेठ पाण्याचा तांब्या उचलून गादीमागं लपवत, कारण नाना कापडाच्या ठाणावर थेंब सोडत. मग नाना कापड गालाला लावत, तोंडावर धरून फुंकर मारत, चुरगाळून मुठीत दाबत, मूठ उघडून परत बघत.

"नाना, कापड बघता का सून?" एकदा शेठ वैतागून म्हणाले.

"सून बघणं सोपं, शेठजी. ती बोलते तरी."

दुकानातलं दुसरं कोणी गिऱ्हाईक एखाद्या चमकदार कापडाला भुलून त्यावर हात फिरवताना दिसलं की नाना तिकडून ओरडत, "डोळ्यांना काय विचारता? पाठीला विचारा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेठचं म्हणणं, या एका वाक्यानं त्यांची जेवढी गिऱ्हाइकं पळवली तेवढी समोरच्या दुकानदारानंही पळवली नसतील.

मीही त्या भुललेल्यांतलाच. माझ्या मेहुण्याचं लग्न सोनगीरला ठरलं तेव्हा मी नकली रेशमाचा सदरा शिवला. बदामी रंग, अंगावर पाणी ओतल्यासारखी चमक. आरशात मी मला एखाद्या लहानशा संस्थानाचा दिवाण दिसलो. भिंतीवरून नानांना दाखवला. त्यांनी चिमटीत धरून चोळला आणि माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"हे रेशीम नाही, भाऊ. रेशमाचं सोंग आहे. लग्न ज्येष्ठात आहे ना?"

"आहे. मग?"

"काही नाही. मी येतोच आहे. धुळ्याला इंदूला भेटतो आणि सोनगीरला हजर होतो. उपरणं घेऊन येईन."

उपरण्याचा संबंध मला तेव्हा कळला नाही.

लग्नाच्या दिवशी सोनगीरच्या किल्ल्यावर ढग येऊन बसले होते आणि खाली वाऱ्याचा मागमूस नव्हता. मांडवात माणसं नुसती बसल्या जागी भिजत होती. माझा सदरा अक्षता पडायच्या आधीच अंगाला चिकटला. दिवाणाचा मी कुस्ती हरलेला पैलवान झालो. पण खरी कमाल पुढंच होती. नकली रेशमाची एक खोड मला ठाऊक नव्हती: ते ओलं झालं की त्याचा जीव जातो. पंगतीत जिलेबी वाढायला मी वाकलो आणि पाठीमागं मोठा आवाज झाला. मानेपासून कमरेपर्यंत सदरा उभा फाटला. सासुरवाडीच्या समस्त मंडळींनी जावयाची पाठ पाहिली.

कोणी हसायच्या आत नाना उठले, माझ्या खांद्यावर उपरणं टाकलं, आणि लोकांचं लक्ष माझ्यावरून काढावं म्हणून की काय, स्वतः पंगतीकडं पाठ करून उभे राहिले.

"आता ही पाठ बघा. एका बाजूला वायल, एका बाजूला मांजरपाट. कोणती बाजू जास्त ओली?"

पुढं जे झालं त्याचं वर्णन सोनगीरला अजून करतात. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं डावा हात पुढं करून चाचपलं. "हाई मांजरपाटनी बाजू वल्ली शे."

"नही हो आबा! वायलनी जास्त वल्ली शे," पलीकडचा म्हणाला. हा वधूकडचा. आबा वराकडचे.

झालं. वराकडची मंडळी मांजरपाटाच्या विरुद्ध गेली आणि वधूकडची वायलच्या. माणसं पानांवरून उठून नानांची पाठ चाचपू लागली. मानपानावरून जे भांडण सकाळपासून कोंडून राहिलं होतं ते सगळं नानांच्या पाठीवरून बाहेर पडलं. शेवटी एका म्हातारीनं वरणाचा डाव उगारला. "बठ्ठी पाठ वल्ली शे, दोन्हीबी बाजू! आते जेवू द्या!"

नाना मात्र गंभीर होते. ते मांडवाकडं बघत होते, मग चुलाणाकडं, मग आपल्या बसायच्या पाटाकडं.

"निकाल रद्द," ते हळूच म्हणाले. "माझी उजवी बाजू चुलाणाकडं होती. माझ्या लक्षातच आलं नाही."

आणि ते एवढे खट्टू झाले की जिलेबी त्यांनी तशीच पानात ठेवली.

मग लढाईची वर्षं आली आणि कापडावर कंट्रोल आला. किसनलालजींच्या फळ्या मोकळ्या झाल्या. कार्ड दाखवून रांगेत उभं राहायचं आणि जे येईल ते घ्यायचं. जे येई ते गोणपाटाचं चुलत भावंड असे. नानांचा सदरा पाहून परगावचा एक पाहुणा कळवळून म्हणाला होता, "अरेरे, तुम्हाला पण अर्धंच मिळालं का?" नाना हसले नाहीत. निवडच उरली नाही तर मुकाबला कोणाचा लावणार?

अशात धुळ्याहून इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरायचे होते ज्येष्ठात. नेमके ज्येष्ठात.

घरात बाईमाणूस नाही, म्हणून आमच्या हिनं पुढाकार घेतला. खारीक-डिंकापासून बाजेपर्यंत सगळं तिनं पाहिलं. नानांनी एकच गोष्ट स्वतःकडं घेतली. "बाळाच्या कापडाचं मी बघतो," ते म्हणाले. "तेवढं माझ्यावर सोडा."

आणि ते जे मागं लागले! मोठ्या माणसाची पाठ आता उपयोगाची नव्हती. बाळाची कातडी कशी असेल याचा अंदाज ते कोपराच्या आतल्या बाजूला, कानामागं, पापणीवर कापड घासून घेऊ लागले. एकदा मी भिंतीवरून पाहिलं तर जिनातला हा प्रौढ कारकून डोक्याला टोपडं बांधून उन्हात बसला होता. टोपडं त्यांच्या टाळूवर जेमतेम मावत होतं.

"कानाशी गरम होतं," मला पाहून ते म्हणाले. "कानाशी भोकं ठेवायला हवीत."

मलमल कुठंच नव्हती. नाना शिरपूरपर्यंत जाऊन रिकाम्या हातांनी परत आले. शेवटी किसनलालजींनीच घरून एक पुडकं आणून त्यांच्या हातात दिलं. सणासुदीला बांधायच्या नव्या पगडीसाठी त्यांनी मलमल ठेवलेली होती.

"पगडी जुनी चालेल मला," शेठ म्हणाले. "पण नाना, पाणी घरी जाऊन टाका."

नानांनी ती मलमल कशी जपली! तिची खळ काढायला आधी पाण्यात भिजवली, मग उकळली. उकळताना धुण्याचा सोडा घातला. मन भरेना म्हणून परत उकळली, परत सोडा घातला. भिंतीपलीकडं त्या दिवसांत सारखी चूल पेटलेली असे. थेंब सोडला की कागदावर शाई पसरावी तसा पसरे. नाना खूश होते. तिची दुपटी, झबली, लंगोट त्यांनी स्वतः बसून बेतले.

मुलगी झाली. गोरी, लहानशी, आवाजानं खणखणीत. आणि तो आवाज थांबेचना. आभाळ गच्च भरलेलं, पान हलत नव्हतं, आणि दोन दिवसांत पोरीच्या मानेवर, काखेत, मांड्यांत लाल लाल पुरळ उठलं. दूध ओढायची, दचकून रडायची. इंदूच्या डोळ्याला डोळा नव्हता. तिचा चेहरा उतरत चालला आणि दूधही कमी येऊ लागलं, तशी आमची ही घाबरली.

नाना दुपट्याला हात लावून बघत, पोरीकडं बघत, परत दुपट्याला हात लावत. "पण हे पितंय ना घाम," ते म्हणत. "हे पितंय. मग का?"

न्हाऊ घालायला येणाऱ्या सोनाबाईनं दुपटं उलटंसुलटं केलं. "नाना, सोडा मारी मारी कापड खरखरीत करी टाकं तुम्ही. पोरले चावस हाई. जूनं लुगडं काढा एखादं, तेच गुंडाळतस पोरले."

नवीन काही सांगितलं नव्हतं तिनं. पहिल्या दिवसापासून बाळाला जुनेरात गुंडाळतात, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. नानांनाही होतंच. पण ते वर्ष कंट्रोलचं होतं. आमची ही घरोघर फिरून आली आणि रिकामी परत आली. गल्लीत जुनेर नव्हतं, कारण सगळी गल्ली जुनेरच नेसली होती.

"माझं फाडते एक," ही म्हणाली.

"आणि तुम्ही नेसणार काय?" नाना म्हणाले. "दोनच आहेत तुमच्याकडं. दोरीवर दिसतात मला. ते नको."

"मग नाना, इंदूच्या आईचं काही राहिलं असेल की. एखादं तरी?"

"नाही," नाना म्हणाले. फार लवकर म्हणाले.

बाजेवरून इंदूनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पोरीकडं. पोर रडत होती. नाना चपला न घालताच बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. ढग फाटून भर ऊन पडलेलं आणि डोक्यावर काही नाही, पायांत काही नाही. ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना ऊन कसं झेलायचं ते शिकवलं, तो कसाही उभा होता. मी त्यांना हाक मारणार होतो, पण त्यांच्या पाठीकडं बघून मारली नाही.

परत आले ते सरळ आपल्या खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा हातात एक घडी होती. पेटीत ठेवलेल्या कपड्याची घडी वेगळी असते, करकरीत. ही तशी नव्हती. ही रोज उलगडून रोज घातलेली घडी होती. अंजिरी लुगडं, रंग कडांनाच काय तो उरलेला, मध्ये नुसता धुरकट आभास. ते इतकं विरलं होतं की हातात धरल्यावर नानांची बोटं पलीकडून दिसत होती.

"नाना, राहू द्या," इंदू म्हणाली. "तुम्हाला ते पांघरल्याशिवाय झोप येत नाही."

इतकी वर्षं त्या भिंतीवर कोपर टेकून मी या माणसाच्या घरात डोकावत होतो. त्यांची चूल, दोरी, थेंब, टोपडं, सगळं मला पाठ होतं. हे मला माहीत नव्हतं.

आमच्या हिनं कात्री पुढं केली.

"कात्री नको," नाना म्हणाले. "कापलेली कड टोचते. फाडू या." त्यांनी कडेला दातांनी एक चीर पाडली आणि चिरेच्या दोन्ही कडा दोन हातांत धरल्या. मग ओढलं. जुनं कापड फाडताना नव्यासारखा कर्कश आवाज होत नाही. कोणी हलक्या आवाजात 'हं' म्हणावं, तसा होतो.

"पदर राहू दे तुम्हाला," ही म्हणाली. "बाकीच्याची पुरे होतील दुपटी."

"पदरच सगळ्यांत मऊ असतो," नाना म्हणाले. "तो तिच्या मानेखाली घाला."

पोरीला न्हाऊ घालून, पुरळावर नुसतं गार पाणी टिपून, त्या तुकड्यात गुंडाळलं. लगेच काही झोपली नाही; गोष्टीत झोपतात तशी पोरं खरी झोपत नाहीत. कुरकुरली, मूठ तोंडात घातली, ती काढली, परत घातली. मग दुपार कलताना कधीतरी घरात एकदम शांत झालं आणि इंदूही बसल्या जागी कलंडून झोपली. तीन-चार दिवसांत पुरळ बसलं. दूध आलं.

त्या आठवड्यात एकदा संध्याकाळी मी सवयीनं भिंतीशी जाऊन उभा होतो. दुपटी दोरीवर वाळत घातलेली होती, अंजिरी, धुरकट, एकाशेजारी एक. दोरीचं एक टोक आमच्या खुंटाला बांधलेलं असे, म्हणून कडेचं दुपटं माझ्या हाताशीच होतं आणि मी सहज चाचपलं. ते केव्हाच वाळलं होतं; उन्हानं अजून कोमट होतं.

आतून इंदूनं हाक मारली, "नाना, पोरीनं ओलं केलं. वाळलं असलं तर एक द्या ना."

नाना दोरीशीच उभे होते. त्यांनी तेच कडेचं दुपटं काढलं, दोन्ही तळहातांवर पसरून घेतलं, आणि गाल त्याच्यावर ठेवला.

"अजून ओलंय गं," ते म्हणाले. "थोडं थांब. देतो."